उजव्या बाजूची पायरी

दुपारी दोनच्या सुमारास गोदामाच्या पत्र्यातल्या खिळ्यांच्या भोकांतून ऊन खाली उतरतं आणि विमानाच्या पंखावर छोटे छोटे गोल ठिपके पडतात. तासाभरात ते पंखाच्या टोकाकडून मधल्या भागाकडे सरकतात. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत असतो. हातात पाना असतो, पण तो काही पिळत नसतो. बायको म्हणते, याला काम म्हणत नाहीत, याला उघड्या डोळ्यांची झोप म्हणतात. तिचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर तिच्यापाशी कबूल केलेलं नाही.

विमान माझं आहे, मी माझ्या हातांनी बनवलं आहे, आणि ते अजून उडालेलं नाही. बालाघाटात भेटणारा प्रत्येक माणूस या तीनच गोष्टी विचारतो आणि तिसरीवर हसतो, म्हणून त्या आधीच सांगून टाकल्या. परवानगीचे कागद वर गेले आहेत. वरून खाली येतील तेव्हा येतील.

तिरोडीकडच्या मँगनीजच्या खाणीत मी वर्कशॉपला होतो. फिटर म्हणून लागलो, फोरमन होऊन सुटलो. सगळी नोकरी खाली जाणाऱ्या यंत्रांत गेली, पाणी उपसणारे पंप, दोर गुंडाळणारी चाकं, ट्रॉल्या. जेवणाच्या सुट्टीत मी खाणीच्या काठावर बसायचो आणि डबा खाता खाता वर घारी बघायचो. पंख न हलवता त्या तासन्‌तास गोल फिरत. मला तेव्हापासून वाटायचं, की आयुष्यात वर जाणारं एक तरी यंत्र करावं. निवृत्त झालो आणि विमानाचे नकाशे मागवले. बायकोनं त्या दिवशी एकच विचारलं होतं, की हे तयार झाल्यावर गोदामाच्या दारातून बाहेर निघेल का. मी चिडलो. मग टेप घेऊन दार मोजलं आणि गुपचूप डावा खांब दीड फूट सरकवला.

गोदाम माझ्या साडूच्या बंद पडलेल्या राइस मिलचं आहे. मिलच्या कंपाउंडला लागूनच आमचं घर, मधे एक छोटं फाटक. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी भिंतींना अजून कोंड्याचा गोडसर वास येतो आणि कोपऱ्यांत धानाचा भुसा निघतो, कितीही झाडा. समोर धान वाळवायचं सिमेंटचं भलंमोठं आंगण आहे. हिवाळ्यात सकाळी वैनगंगेकडून धुकं येऊन त्या आंगणात बसतं, आणि गोदामाचं दार उघडलं की विमान पाण्याच्या काठाला लावून ठेवल्यासारखं दिसतं. या अशा सकाळी मी कामाला उशिरा हात लावतो.

विमान दोन माणसांचं आहे. दोघं शेजारी शेजारी बसतात, चालवणारा डावीकडे, दुसरा उजवीकडे. पंख खाली आहेत, डोक्यावर काचेचं सरकतं झाकण. आत बसायचं तर आधी पंखावर चढावं लागतं. पंखाची मागची कड जमिनीपासून माझ्या मांडीएवढी उंच आहे, आणि तिच्यावर पाय देता येत नाही, ती हलणारी असते, दबते. तिला ओलांडून पाय थेट पंखावरच्या काळ्या खरखरीत पट्टीवर टाकायचा, झाकणाची चौकट धरायची आणि स्वतःला वर ओढायचं. मी साठी उलटल्यावरही हे करतो. गुडघे कुरकुरतात, पण मी फोरमन होतो, कुरकुर ऐकून घ्यायची मला सवय आहे.

नकाशात एक पायरी दाखवलेली आहे. पंखाच्या मागे, विमानाच्या पोटातून खाली-बाहेर आलेली पोलादी नळी आणि तिच्या टोकाला दोन पावलं मावतील एवढी पट्टी. बाकी सगळं विमान ठसठशीत रेषांनी काढलंय, ही पायरी मात्र तुटक रेषांनी. म्हणजे हवी तर लावा, नको तर राहू द्या. हजारो रिव्हेट मी डोळे मिटून ठोकले असते, आणि या तुटक रेषांपाशी आठ महिने घोडं अडलं.

माझ्यासारखे घरी विमान बांधणारे जे देशभर विखुरलेले वेडे आहेत, त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे विचारलं. निम्मे म्हणाले लावा, निम्मे म्हणाले कशाला. पायरीचं वजन सगळं मिळून सव्वा किलो. ती वाऱ्यात लोंबत राहणार, म्हणजे वेग ताशी दोन-तीन किलोमीटरनं कमी होणार. शिवाय पोटाच्या पत्र्याला भोकं पाडावी लागणार, आणि तो पत्रा मी आरशासारखा घासून ठेवला होता. एकानं लिहिलं, ज्याला चढता येत नाही त्यानं उडायच्या भानगडीत पडू नये. मी दोन दिवस त्या माणसावर धुमसत होतो. माझी शिफ्ट असती तर त्याला पंप घासायला बसवलं असतं. खरं सांगायचं तर हेच वाक्य चार महिन्यांपूर्वी मी स्वतः कुणाला तरी ऐकवलं असतं.

वजनाचं मला वेड आहे. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वॉशर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. काटा गोदामात आणि मोदकाची पिठी अंदाजानं, असं आमच्याकडे तीन गणपती चाललं आहे. सव्वा किलोचं रडगाणं मी जेवताना गात होतो तेव्हा बायकोनं माझ्या ताटात चौथी पोळी टाकता टाकता सांगितलं, की एवढंच असेल तर पोट कमी करा, चार किलो आयते सुटतील. मी पोळी खाल्ली.

पण वजन, वारा, भोकं, ही सगळी बाहेरची बोलणी. खरी गोष्ट उजव्या सीटची होती. ती सीट मी तिच्या मापाची केली होती. तिची वेताची खुर्ची ती बाजारात गेली असताना मोजून घेतली, आणि उजवी गादी डावीपेक्षा दोन बोटं जाड भरली, म्हणजे तिला समोर नीट दिसेल. हे तिला सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड जुनी आहे. तिचा डावा गुडघा गेली काही वर्षं दुखतो. घराच्या पुढच्या दारच्या दोन पायऱ्यासुद्धा ती एकेक करून चढते, आधी उजवा पाय, मग डावा त्याच्याशेजारी. पायरी नसेल तर ती या विमानात कधीच बसणार नाही, हे उघड होतं. आणि पायरी असेल तर बसेलच असं नाही, हेही उघड होतं. पायरी नव्हती तोवर मला म्हणता येत होतं, काय करणार, सोयच नाही. पायरी लावली आणि ती नाही म्हणाली, तर ते नाही मला असणार. मला त्याची भीती वाटत होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी कुणाला घाबरलो असेन तर ते त्या आठ महिन्यांत.

हे असं का, ते सांगायला हट्ट्याला जावं लागेल. तिचं माहेर हट्ट्याचं. मी मामांबरोबर तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या घरच्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, आणि मुलगी येतेच म्हणून सांगितलं. ती येईना. मोठी माणसं भावकीच्या गप्पांत रमली. मला कंटाळलेला बघून कुणीतरी म्हणालं, जा, बावडी बघून ये. तिथली बावडी म्हणजे दगडाची विहीर, जमिनीखाली मजल्यांसारखी उतरत गेलेली, रुंद पायऱ्यांची. वरच्या पहिल्या पायरीवर चपलांचा एक जोड होता. बायकी, निळ्या पट्ट्यांच्या. त्या गावात पाण्यापाशी चपला नेत नसत. मी त्या चपलांजवळ उभा राहिलो. खाली गारवा होता, अंधार होता, आणि कुणीतरी पाण्यात पाय हलवत असल्याचा आवाज येत होता. मी खाली गेलो नाही. बऱ्याच वेळानं एक मुलगी वर आली, माझ्याकडे बघितलं न बघितलंसं केलं, चपला पायांत सरकवल्या आणि निघून गेली. अर्ध्या तासानं तीच पोहे घेऊन समोर आली. लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी तिनं विचारलं होतं, तुम्ही वर उभे आहात हे मला कळलं होतं, मग खाली का नाही आलात. मी म्हणालो होतो, बोलावलं कुठं होतं. ती हसली होती, आणि मी तो विषय तिथेच संपला असं धरून चाललो होतो.

तर पायरी. खाणीतला माझा जुना जोडीदार वेल्डर आहे, आता गावातच असतो, जोडकामाला मी त्यालाच बोलावतो. त्याच्यासमोर नकाशा पसरला, वजन सांगितलं, वारा सांगितला, ग्रुपवर कोण काय म्हणालं ते वाचून दाखवलं. त्यानं बिडी संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ही कोणासाठी. मी म्हणालो, तपासणीचे साहेब येतील, कुणी बघायला येईल. 

"वैनीसाठी लावतो म्हण नं सरळ," तो म्हणाला. "अन् वैनीसाठी हाय तं वैनीचा पाय किती वर जाते ते मोज. कागद काहून मोजून राह्यला?"

बोलणं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. पण तो गेल्यावर मी विटा आणल्या. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आंगणात उघडतं, तिथे एक पायरी आहे. दुपारी ती झोपली असताना त्या पायरीवर मी एक वीट आडवी मांडली, हलू नये म्हणून खाली ओलं सिमेंट लावलं, आणि गोदामाच्या खिडकीत जाऊन बसलो. संध्याकाळी ती कपडे काढायला बाहेर आली. परत जाताना थांबली, विटेकडे बघितलं, चौकट धरली आणि चढली. दुसऱ्या दिवशी मी विटेवर वीट ठेवली. ती आली, बघितलं, आणि सरळ घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत गेली. जेवताना म्हणाली, या घरात उंदीर विटा वाहून आणायला लागलेत. मी मान खाली घालून भात कालवला. पण माप मिळालं होतं. तिचा पाय एका विटेपर्यंत जातो, दोन विटांपर्यंत नाही.

नकाशातली पायरी मी त्या मापानं तीन बोटं खाली घेतली. एकच केली, उजव्या बाजूला. डावीकडे मला गरज नाही असं मी जोडीदाराला ऐटीत सांगितलं. ज्या दिवशी पत्र्याला भोक पाडायचं होतं त्या दिवशी मी सकाळपासून काहीतरी दुसरंच करत होतो, ड्रिल साफ करत होतो, वायर गुंडाळत होतो. शेवटी जोडीदार म्हणाला, मी पाडू का. मी म्हणालो, नको. पत्र्यातून बिट पलीकडे गेलं तेव्हा चांदीसारखं एक बारीक वेटोळं बाहेर आलं आणि माझ्या मनगटावर बसलं. मी ते खिशात ठेवलं. अजून आहे.

पायरी लागली. काळा रंग वाळला. आता ती बघेल, काहीतरी बोलेल, अशी मी वाट बघत बसलो. चार वाजता ती चहा घेऊन आली, कप पंखावर न ठेवता स्टुलावर ठेवला, कारण दसऱ्याला त्या पंखावर तिनंच हळदीकुंकू वाहिलं होतं. पायरी तिला दिसली. तिनं वाकून बघितली, हातानं दाबून बघितली.

"बरं झालं," ती म्हणाली. "साहेब येतीन तपासाले, त्याईले चढाले सोपं पडन."

मी हौ म्हणालो.  ती कप घेऊन गेली. आठ महिने मी ज्या नकाराला घाबरत होतो तोही मिळाला नाही. तिनं ती सीट आपली असेल असं धरलंच नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी गोदाम बंद केलं आणि चार-पाच दिवस उघडलंच नाही. घरात मात्र सगळ्या गोष्टींवर खेकसत होतो. पंखा आवाज करतो, डाळ पातळ आहे, पेपर कुणी हलवला. रायपूरहून मुलीचा फोन आला तेव्हा बायकोनं तिला हिंदीत सांगितलं, तेरे पापा का इंजन गरम है, बाद में बात कर.

शेवटी एका सकाळी मी फुटलो. ती मागच्या आंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, की सव्वा किलो वजन मी कुण्या साहेबासाठी लावत नाही, साहेब आपले आपण चढतील, नाहीतर खालूनच बघतील. ती हात न थांबवता ऐकत होती. मी म्हणालो, उजवी गादी दोन बोटं जाड कुणासाठी आहे, विटा कुणासाठी होत्या, एवढं कळू नये का माणसाला.

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"तुमी मले कधी म्हटलं का, ये म्हणून?" ती म्हणाली. "इतके वर्सं मी चहा घेऊन येऊन राह्यली. रोज तिथं उभी राहतो, कप घेऊन जातो. एक डाव म्हटलं, का बस आतमंधी? बोलावल्याशिवाय जाव नाई, हे तुमीच शिकवलं मले. बावडीवर."

  चाळीस वर्षांपूर्वीचं माझं वाक्य तिनं सांभाळून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं की ती तेव्हा हसली म्हणजे संपलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या सुपातले मूठभर तांदूळ घेतले. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं असतं तेव्हा हळदीत तांदूळ पिवळे करून घरोघर देतात, तेवढं मला माहीत होतं, किती हळद लागते ते माहीत नव्हतं. तांदूळ, तळहात, वाटी, ओटा, सगळं पिवळं झालं. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभा होतो. वाक्य मनात पाठ केलं होतं तरी अडखळलो. म्हणालो, उद्या दुपारी मिलच्या आंगणात विमानात बसायला यायचं करावं.

तिनं वाटीत बघितलं. मग तिनं पदर सावरून ओंजळ पुढे केली, जशी कुणाही बोलावणं घेऊन आलेल्या माणसापुढे करायची तशी.

"सहकुटुंब हाय का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, तू आणि मी. ती म्हणाली, मग येते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं, आणि ओट्यावरची हळद पुसायला दोघांनाही निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी जोडीदार आणि मी विमान ढकलत आंगणात आणलं. उडायचं नव्हतंच, परवानगीही नाही आणि जागाही नाही. इंजिन चालू करायचं, आंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला सावकाश जायचं, वळून परत यायचं, एवढंच. जोडीदार वाळूची बादली घेऊन भिंतीशी उभा राहिला. मी डावीकडून चढून बसलो आणि इंजिनाची घड्याळं तपासत होतो. ती फाटकातून आली तेव्हा मी नीट बघितलं नाही, मग बघितलं. तिनं वारासिवनीच्या कोशाच्या रेशमाची साडी नेसली होती, जी ती फक्त जवळच्या लग्नांत नेसते. केसांत शेवंती होती.

कसं चढायचं हे तिला सांगायला मी चार वाक्यं तयार ठेवली होती. उजवा पाय पायरीवर, डावा हात चौकटीला, डावा पाय काळ्या पट्टीवर, घाई नाही. तिनं एकही ऐकलं नाही. आधी पंखाला हात लावून तो कपाळाला लावला. मग मला नीट दिसलं नाही, ती माझ्या खांद्यामागे होती. पायरीवर वजन आलं की सबंध विमान उजवीकडे किंचित कलतं, ते मला सीटमधून कळलं. विमान कललं, क्षणभर तसंच थांबलं, मग सरळ झालं, आणि ती आत आली, साडीचा घोळ आवरत, घरातल्या खुर्चीवर बसावं तशी बसली. गादी बरोबर होती. तिला समोर दिसत होतं. मी तिचा पट्टा लावला. 

इंजिन लागलं. समोरचा पंखा दिसेनासा झाला आणि आंगणाच्या कडेला साचलेला सगळा जुना भुसा वर उठला. दुपारचं ऊन त्यात शिरलं. पिवळं, हलकं काहीतरी काचेच्या चारी बाजूंनी वाहू लागलं, भिंती दिसेनाशा झाल्या, मिलची चिमणी दिसेनाशी झाली, आणि मी हळूच ब्रेक सोडला. आम्ही माणूस चालतो त्याच्यापेक्षा जरा जास्त वेगानं चाललो असू. पण खाली काय आहे ते दिसत नव्हतं. मला वाटलं, असंच असेल. ढगातून जाताना असंच असेल. तिच्याकडे बघितलं तर ती समोर बघत होती, ओठ किंचित उघडे, लहान मुलीसारखे. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

त्या टोकाला वळलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला माझं लक्ष खाली गेलं. तिचे पाय अनवाणी होते. मी खुणेनं विचारलं, चपला? तिनं अंगठ्यानं मागे दाखवलं.

पायरीवर.

मी इंजिन बंद केलं. भुसा हळूहळू खाली बसला. जोडीदार भिंतीशी उभा होता, एका हातात बादली, दुसऱ्या हातात एक चप्पल, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. इंजिन लागल्या लागल्या दोन्ही चपला उडाल्या होत्या. एक त्याच्या पोटावर आदळली, दुसरी संध्याकाळी भुशाच्या ढिगात सापडली. वजन मोजलं होतं, वारा मोजला होता, तिचा पाय किती वर जातो ते विटा लावून मोजलं होतं, आणि पायरी म्हटली की आपलं माणूस तिच्यावर चपला काढतं, हे देशभरातल्या ग्रुपमध्ये एकालाही सुचलं नव्हतं. माझ्यातला फोरमन जागा झाला. मी तिथेच तिला झाडलं, की ती चप्पल मागे शेपटीवर बसली असती तर काय झालं असतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, पूजा केलेल्या पंखावर मी चपला घालून चढणार नाही, आणि चपला पायरीवर नाही काढायच्या तर कुठं काढायच्या. तसं असेल तर पाटी लावा.

मी पाटी लावली. पायरीच्या वर, पोटाच्या पत्र्यावर, लाल रंगात, देवनागरीत: येथे चपला काढू नये. विमानावर ज्या सूचना असाव्या लागतात त्या सगळ्या आहेत, त्यांत ही एक जास्तीची.

त्यानंतर पावसाळा गेला, हिवाळा आला. कागद वरून खाली आलेले नाहीत. परवा दुपारी मी बाजारातून आलो, घरात ती नव्हती. फाटक उघडं होतं. गोदामात गेलो तर पत्र्यातून आलेले उन्हाचे ठिपके पंखावर पडले होते, आणि उजव्या बाजूच्या पायरीवर, माझ्या लाल पाटीच्या बरोबर खाली, तिच्या चपला होत्या. टाचा जुळवून ठेवलेल्या. काचेचं झाकण मागे सरकवलेलं होतं. मी टाचा उंचावून आत बघितलं. ती झोपली होती, पण उजव्या सीटवर नाही. त्या गुडघ्यानिशी कशी सरकली ते तिलाच ठाऊक, ती डावीकडे माझ्या जागेवर बसली होती, मान एका बाजूला, आणि उजवा हात विमान चालवायच्या दांड्यावर. किती दिवस हे चाललं आहे, मला माहीत नाही. माझ्या उघड्या डोळ्यांच्या झोपेला नावं ठेवणारी बाई मिटल्या डोळ्यांनी कुठवर जाऊन येत होती, तेही माहीत नाही.

मी तिथे उभा राहिलो. चपला उचलून बाजूला ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पायरी एवढीशी, तिच्यावर दोनच चपला मावतात. मी पंखावर हात ठेवून उभा होतो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

"उभे काहून राह्यले?" ती डोळे न उघडता म्हणाली. "या नं. बसा."

मी माझ्या चपला खाली जमिनीवर काढल्या. तिच्या चपलांना धक्का लागू न देता पाय वर टाकला, चौकट धरली आणि स्वतःला वर ओढलं. गुडघे कडकन वाजले. तिनं दांडा सोडला नाही. मी उजव्या सीटवर बसलो. गादी मला दोन बोटं उंच होत होती.